विरळ पट्टा

२ मार्च

ही वही हिने आणून दिली. म्हणाली, "दिवसभर दात-ओठ खात बसता, झोपेत पुटपुटता. जावयाला तोंडाने वेडंवाकडं बोलायचं नाही हे आपलं ठरलंय. मग काय बोलायचं ते हिच्यात बोला आणि मिटून ठेवा."

आपलं ठरलंय म्हणे! ठरवलं हिने. मी औषधाच्या गुंगीत होतो, मान हलली असेल.

तर बोलतो. माझा खुबा बदलला. बदलणारा डॉक्टर माझ्या मुलीपेक्षा लहान, आणि त्याने मला दम दिला की वर्षभर ट्रॅक्टरचं नाव काढायचं नाही. मग मुलीने परस्पर ठरवून टाकलं की ती आणि तिचा नवरा इथे राहायला येणार. ती परिचारिका आहे, इथल्या दवाखान्यात बदली मागून घेतली. नवऱ्यासाठी काही मागायची गरजच नव्हती, तो मोकळा होता. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा, ते दुकान बंद पडलं. ज्या माणसाने जन्मभर प्रत्येक वस्तू दोन बोटांत धरून पुसली, तो आता माझं शेत बघणार.

काल त्याला ट्रॅक्टर शिकवला. गियर असा टाकतो की जणू त्याला दुखेल. क्लच सोडताना डोळे मिटतो. मी म्हटलं, "वा जावईबापू, जमलं की!" आणि घरात येऊन कुत्र्यावर ओरडलो. कुत्रा बिचारा झोपलेला होता.

६ मार्च

शेताबद्दल लिहून ठेवतो, म्हणजे मी उगाच कांगावा करतोय असं पुढे कोणी म्हणायला नको.

माझ्या शेतात लसूणघास आहे. नावात लसूण असला तरी त्याला लसणाचा वास येत नाही. तीन-तीन पानांचा पाला, निळी-जांभळी फुलं. एकदा पेरला की वर्षानुवर्षं राहतो. कापला की बुंध्यातून पुन्हा फुटतो, महिन्याभरात पुन्हा विळ्याला येतो. हवेतलं खत मुळाशी गाठी करून साठवतो, म्हणजे खातो ती जमीन पोसतोसुद्धा. सात वर्षांपूर्वी पडीक जमीन फोडून मी तो स्वतःच्या हाताने पेरला. हिरवा आमच्या गाईंना जातो, वाळलेला घोड्यांच्या तबेल्याला आणि डेअरीवाल्याला. तबेल्याचा मालक गठ्ठा फोडतो, मूठभर नाकाला लावतो आणि काही न बोलता गाडीत भरायला सांगतो. याहून मोठी पावती मला नको.

फक्त रस्त्याकडचा पट्टा दोन वर्षांपासून विरळ होत चाललाय. बुंधे मरतात, मधली जागा उघडी पडते, तिथे तण माजतं. टक्कल पडायला लागलं की जसं कुठून सुरू झालं ते कळत नाही, तसं.

आज जावयाला पट्ट्यावर नेलं. म्हटलं, "जावईबापू, एवढा पट्टा तुमचा. मोकळ्या जागेत नवं बी टाकायचं, भरून काढायचा. बस्स."

त्याने वाकून एक बुंधा हाताने हलवून पाहिला, मग दुसरा. "करतो," म्हणाला. अजून एक शब्द जास्त बोलला असता तर काय जीभ झिजली असती?

मुलगी कायमची राहणार की वर्षभराने बिऱ्हाड उचलणार, हे या पट्ट्यावर आहे. असं मी कोणाला म्हटलेलं नाही, पण मी ठरवलंय. पट्टा भरला तर माणूस कामाचा. नाही भरला तर खुशाल परत जावं आणि काचा घासाव्यात. माझं काही अडत नाही.

२४ मार्च

अडलं. म्हणजे बी अडलं.

लसूणघासाचं बी मोहरीहून बारीक. वर नखभर मातीसुद्धा पुष्कळ झाली. हे मी सांगितलं होतं, दोनदा सांगितलं होतं. उगवलं, इवलीशी दोन पानं दाखवली आणि जागच्या जागी बसलं. जुन्या बुंध्यांच्या जवळ तर तेवढंही नाही. खोल पेरलं, दुसरं काय! किंवा पाणी धो-धो सोडलं. तळपायाची आग मस्तकात गेली. पट्ट्याच्या कडेला उभा राहिलो, काठी जमिनीत रुतेपर्यंत दाबली आणि काय म्हणालो? म्हणालो, "छान. पहिल्यांदा असंच होतं."

तो म्हणाला, "पाणी जपून दिलं होतं. खोलीसुद्धा मोजली होती."

मी म्हणालो, "छान, छान."

घरी हिला म्हटलं, तो तुझा जावई बी पुरतो की मयत पुरतो? ही म्हणाली, "हळू. भिंतीला कान असतात, आणि तुमचा आवाज तर भिंतीपलीकडे जातोच."

११ एप्रिल

दुसऱ्यांदा पेरलं. तेच. आलं आणि खुरटलं. उपटून पाहिलं तर मूळ आखूड, टोकाला करपल्यासारखं तपकिरी.

बियाण्याच्या दुकानात गेलो आणि दुकानदाराला चार गिऱ्हाइकांसमोर धारेवर धरलं. जुनं बी गळ्यात मारतोस, लाज वाटत नाही, सगळं बोललो. फार बरं वाटलं. महिनाभर साठलेलं होतं. तो शांतपणे म्हणाला, "काका, त्याच पोत्यातलं बी विहिरीपलीकडच्या बाईंनी नेलं. नव्या वावरात टाकलंय. जाऊन बघा, बोट शिरणार नाही इतकं दाट आलंय."

जाऊन बघितलं. बोट शिरत नाही. रस्त्याने येताना मला त्या बाईंचासुद्धा राग आला, त्यांनी माझं काय घोडं मारलं होतं देव जाणे.

म्हणजे बी चांगलं आहे. मग खापर कोणाच्या डोक्यावर, ते लिहायला नको.

२ मे

आज मी कडेलोटाच्या काठावर होतो, हिने मागे ओढलं.

वाळवणासाठीची पहिली कापणी. पट्टा सोडून बाकीचं शेत कमरेएवढं, दहातल्या एका काडीला फूल. कापायची हीच वेळ. कापलं, पसरलं, दोन दिवस ऊन खाल्लं. आता उलटवायचं ते पहाटेच्या दवात, पाला मऊ असतो तेव्हा. सगळा जीव त्या पाल्यात. जावईबुवांनी उलटवला भर दुपारी. सगळा पाला झडून जमिनीवर, हातात राहिल्या काड्या. तबेल्याचा मालक त्या काड्या नाकाला लावील आणि या वेळी मात्र बोलेल!

मी शेताच्या तोंडाशी पोचलो, श्वास भरून घेतला, आणि ही मागून आली न् माझा दंड धरला. मी म्हणालो, "जावईबापू, ऊन फार आहे नाही का आज?"

तो म्हणाला, "हो, फार आहे."

संध्याकाळी मुलगी दवाखान्यातून आली, तिला झाप झाप झापलं. ती अजून चपला काढत होती. म्हणाली, "मला काय बोलताय? मी तिथे होते का?" म्हटलं, आणलास तर तूच ना! ती आत निघून गेली. तो आतल्या खोलीत होता. ऐकू गेलं असेल तर गेलं. मी त्याला काही बोललेलो नाही, मी शब्दाला जागणारा माणूस आहे.

६ मे

त्या दिवसानंतर तो न सांगता पहाटे उठून दवात उलटवतोय. कोणी सांगितलं कोण जाणे.

१९ मे

नवं खूळ. न्हाणीघराच्या मागे त्याने दोन फुटक्या बादल्यांत माती भरून काहीतरी पेरलंय. रोज सकाळी उकिडवा बसून बघतो. काचेचं ते भिंग घेऊन बघतो, दुकानातून येताना आणलेलं. एका बादलीत काहीतरी हिरवंगार आलंय, दुसरीत नुसती खुरटी टिंबं. शेतात जमत नाही म्हणून बादलीत शेती! मी बघितल्यावर उठून उभा राहिला, काहीतरी बोलणार होता. मी म्हणालो, "छान छंद आहे," आणि पुढे गेलो. तो परत खाली बसला.

हसावं की रडावं कळत नाही. मला तर नुसता संताप आला.

७ जून

डेअरीवाला सगळ्यांसमोर म्हणाला, "काय काका, घरजावई आणलात म्हणे!" आणि खिदळला.

मी म्हटलं, तुझ्या गाईंना गेल्या साली पोटफुगी झाली तेव्हा कोणाकडे धावत आला होतास? ओला लसूणघास उपाशी पोटी चारलास, अक्कल गहाण टाकून! माझ्या जावयाने आल्यापासून एक गाय फुगू दिलेली नाही. आधी वाळलेला टाकतो, मग हिरवा. मोजून. तुझ्या सात पिढ्यांत कोणाला जमलं नाही ते तो दोन महिन्यांत शिकला. घरजावई म्हणतोस? माझ्या घरात कोण राहील ते मी ठरवीन!

असं बरंच बोललो. डेअरीवाल्याचं तोंड उतरलं. घरी येईपर्यंत माझाही खुबा ठणकायला लागला.

हे घरात सांगितलं नाही. उगाच त्याला वाटायचं की मी त्याच्या बाजूने आहे.

१४ जुलै

तिसरी कापणी. बाकीचं शेत ठीक. पट्टा आणखी विरळ, आता माझ्या बाजूलाही दोन ठिकाणी उघडी जमीन दिसायला लागलीय. बोललो नाही.

माझ्या चष्म्याची दांडी महिनाभर वाकडी होती. आज उठलो तर चष्मा उशाशी सरळ करून ठेवलेला, काचा पुसलेल्या. मी कोणाला सांगितलं होतं का? माझ्या वस्तूला हात लावायचा म्हणजे विचारायची काही पद्धत? आता नीट दिसतंय ही गोष्ट वेगळी. नीट दिसलं की पट्टा जास्तच भकास दिसतो.

६ सप्टेंबर

ऊन उतरलं, पुन्हा पेरणीचे दिवस. तिसऱ्यांदा पेरायला मी सांगितलं.

या वेळी तो चक्क बोलला. "मला वाटतं, या जागेत आता पुन्हा हेच टाकू नये." एवढंच. मी म्हणालो, "तुम्हाला काय वाटतं ते बरोबर असेल जावईबापू, पण एकदा आणखी बघू." यात मी कुठे चुकलो? किती गोड बोललो! तो थोडा वेळ थांबला, मी आणखी काही विचारीन म्हणून असेल. मी काय विचारणार? मग त्याने बी घेतलं.

मी स्वतः स्टूल टाकून बसलो. मुळांवर गाठी धरवणाऱ्या जिवाणूंची पुडी गुळाच्या पाण्यात कालवून बियांना चोळली, सावलीत सुकवली. खोली मी बोटाने तपासली. पाणी माझ्यासमोर दिलं. त्याने एकही चूक केली नाही. मी टपून बसलो होतो तरी सापडली नाही.

२० सप्टेंबर

नाही आलं.

तिसऱ्यांदा नाही आलं! खोली बरोबर, पाणी बरोबर, बी बरोबर, मी स्वतः हजर! मग राहिलं काय? त्याचा हातच वाईट. काही माणसांच्या हाताला यश नसतं. मी हे हिला म्हणालो. ही भांडी घासत होती. तिने पातेलं असं आदळलं की कुत्रा उठून बाहेर गेला.

गाईवर ओरडलो. गाईने शेपटी माझ्या तोंडावर मारली.

२३ सप्टेंबर

मुलीने जेवण झाल्यावर सांगितलं. तो बाहेर गाई बांधत होता.

शहरात चष्म्याचं मोठं दुकान आहे, त्यांनी त्याला बोलावलंय. पंधरा ऑक्टोबरपासून. ती पण बदली मागणार. तुमचा खुबा आता बरा आहे, ट्रॅक्टरला माणूस बघून देते, असं म्हणाली. अगदी रुग्णाच्या नातेवाइकाशी बोलावं तसं.

मी म्हणालो, जा! खुशाल जा! मला माहीतच होतं. पट्टा काही भरला नाही, आता कोणत्या तोंडाने राहणार! बरं झालं सुंठीवाचून खोकला गेला. ही म्हणाली, "अहो!" मी थांबलो नाही. मुलीचं काढलं, तिच्या शिक्षणाचं काढलं, हिच्या लाडांचं काढलं. सगळ्यांचा पाढा वाचला.

मुलगी उठली नाही, रडलीही नाही. मी दमल्यावर म्हणाली, "बाबा, तुम्ही मला बोलता, आईला बोलता, कुत्र्याला बोलता, गाईला बोलता. दुकानदाराला, डॉक्टरला, सगळ्या जगाला बोलता. त्याला या सहा-सात महिन्यांत एकदा तरी बोललात?"

मी म्हणालो, "कधीच नाही! एक शब्द नाही!" मला वाटलं, माझ्या संयमाची कोणीतरी दखल घेतली.

ती म्हणाली, "तो तेच म्हणतो. म्हणतो, या घरात माझ्यावर कोणी रागावतसुद्धा नाही. मी नुसता आलेला आहे."

हिने आणि मी एकमेकांकडे बघितलं. नियम हिचा होता. ही उठून आत गेली.

एवढं गिळलं ते कशासाठी मग? हा कुठला न्याय? मी स्वतःच्या घरात मूग गिळून बसलो, जीव गुदमरला माझा, आणि वर हे!

२४ सप्टेंबर

सकाळी काठी घेऊन पट्ट्यावर गेलो. तो गुडघ्यावर बसून ती खुरटी रोपं बघत होता.

मी सुरुवात कशी केली आठवत नाही. मार्चपासून सुरू केलं एवढं खरं. म्हणालो, क्लच सोडताना डोळे मिटतात का रे शहाण्या? दुपारी पाला उलटवून सगळ्या काड्या केल्यास, तबेल्याचा मालक मला काय म्हणाला ते तुला माहीत आहे का? तीनदा बी मातीत घातलंस! करतो, करतो म्हणतोस, तोंडात काय दगड धरलेत? माझी मुलगी इथे रुळली, तिची आई सहा महिने हसतेय, आणि तू चाललास शेपूट घालून! लाज नाही वाटत?

रस्त्यावरचा सायकलवाला थांबून बघायला लागला, त्यालाही बोललो.

तो उठून उभा राहिला. तोंड लालबुंद. मला वाटलं, आता निघून जाईल. तो ओरडला. त्या गियरवाल्या माणसाच्या गळ्यात इतका आवाज आहे हे मला माहीत नव्हतं. "मग मार्चमध्ये का नाही बोललात? छान, छान, छान! ज्याला सगळंच छान आहे त्याला मी काय सांगणार? मे महिन्यापासून मला माहीत आहे की इथे हे येणार नाही!"

मी म्हणालो, "मग तू का नाही बोललास गाढवा?"

"विचारलंत का तुम्ही? चालतं व्हा म्हणाला असतात तर निदान भांडता आलं असतं!"

आणि माझा दंड धरून, हो, दंड धरून, मला न्हाणीघराच्या मागे नेलं. त्या बादल्या. एकीत गोठ्यामागची माती, एकीत पट्ट्यातली. बी तेच, पाणी तेच. गोठ्यामागच्या मातीत वीतभर झुपका, पट्ट्यातल्या मातीत ती करपल्या मुळाची टिंबं. चार वेळा नव्याने पेरून बघितलं, प्रत्येक वेळी तेच. मग त्याने सरकारी चारा संशोधन केंद्रातल्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, जुना लसूणघास जमिनीत असं काही सोडतो की त्याचंच नवं बी त्याच्याजवळ धरत नाही. दुसरं काहीही पेरा, येईल. हे मात्र नाही. त्यावर एकच उपाय, जुना सगळा मोडायचा, वर्षभर ओट किंवा मका घ्यायचा, मग पुन्हा पेरायचा.

मी म्हणालो, माझा घास? सात वर्षं ज्याने ही जमीन पोसली, तो आपल्याच पोरांना मारतो? अक्कल आहे का त्या बाईला?

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. ही ऐकून म्हणाली, "ओळखीचं वाटतंय." काय ओळखीचं ते विचारलं तर सांगितलं नाही.

२५ सप्टेंबर

मी मानत नाही. माझी मी बादली भरली. दोन बादल्या. एकीत पट्ट्यातली माती, एकीत विहिरीपलीकडच्या बाईंच्या बांधावरची, त्यांना न विचारता. माझं बी, माझा हात. माझ्या हाताला यश आहे की नाही ते सगळ्यांना दिसेल.

घरात कोणी कोणाशी बोलत नाही. जेवताना त्याने मला पाणी विचारलं नाही. इतके दिवस विचारायचा.

८ ऑक्टोबर

बाईंच्या मातीतलं तरारून आलंय. माझ्या मातीतलं खुरटलंय. माझ्या हाताने टाकलेलं, माझ्या हाताने पाणी घातलेलं. मूळ उपटून भिंगाखाली धरलं. भिंग त्याच्याकडून मागून घेतलं, त्याने "बघा आता" म्हणून हातात आपटलं. टोक तपकिरी.

तास-दोन तास बादलीपाशी बसून राहिलो. कोणाला बोलू? बियाण्याचा दुकानदार खरा, केंद्रातल्या बाई खऱ्या, तो खरा. मार्चपासून मी ज्या कामावर त्याचं पाणी जोखत होतो ते काम कोणालाच जमणारं नव्हतं. त्याने ते तीनदा केलं. भडकायला कोणी उरलं नाही याचाच राग येत होता.

दुपारी त्याच्यासमोर जाऊन म्हणालो, "मोडू या."

"पट्टा?"

"सगळं. माझ्या बाजूलासुद्धा जागा उघड्या पडल्यात, तुला दिसल्या नाहीत का?"

"जुलैपासून दिसतायत," तो म्हणाला.

"मग सांगायला तोंड नव्हतं?"

"पुन्हा तेच का?" तो म्हणाला, आणि नांगर किती खोल लावायचा यावरून आमचं जे जुंपलं ते दिवेलागणीपर्यंत. तो म्हणतो वीतभर, बुंधे तोडायला तेवढं पुरे. मी म्हणतो, याची मुळं पुरुषभर जातात, वीतभराने काय होतंय! मुलगी दवाखान्यातून आली, दारात उभी राहून ऐकत होती. मी म्हटलं, "बघतेस काय, सांग तुझ्या नवऱ्याला!" ती म्हणाली, "मी मधे पडणार नाही," आणि हसत आत गेली. यात हसण्यासारखं काय होतं?

त्या शहरातल्या दुकानाचं विचारायचं राहून गेलं. विचारवलं नाही.

११ ऑक्टोबर

आज नांगरलं.

मला घरी बसा म्हणाले, मी बसलो नाही. काठी घेऊन बांधावर उभा राहिलो. पहिला फाळ लागला आणि मुळं तुटताना आवाज झाला, जाड दोर तुटावा तसा. अंगठ्याएवढी मुळं, आत पांढरीशुभ्र, वर आली आणि उन्हात पडली. सात वर्षं जमिनीत होती, मी कधी पाहिली नव्हती. रस्त्याकडचा पट्टा तर तीन फेऱ्यांत गेला. नंतर माझी चांगली बाजू. तिथे अजून दाट होतं, वर फुलं होती. मला रडू आलं. रडू आल्याचा राग आला. एवढी जमीन फोडली तेव्हा मी एकटा होतो, ही डोक्यावर पाणी घेऊन यायची, मुलगी शिकायला लांब होती. ते सगळं हा माणूस मागे वळून न बघता उलथत चालला होता. डोळे उघडे ठेवून, क्लच एका दमात सोडून.

शेवटी विहिरीकडचा एक कोपरा राहिला. खोलीएवढा. सगळ्यात दाट, एकसुद्धा बुंधा मेलेला नाही. मी चालत गेलो आणि त्या कोपऱ्याच्या आडवा उभा राहिलो. ट्रॅक्टर येत होता. मी हात वर केला. एवढा राहू दे, म्हणालो, एवढ्याने काय बिघडतंय, फक्त एवढा.

त्याने ब्रेक मारला. ट्रॅक्टरचं तोंड माझ्यापासून दोन हातांवर. तो सीटवरून उठला आणि जे ओरडला ते विहिरीपलीकडच्या बाईंनी काम थांबवून ऐकलं. "बाजूला व्हा! डोळे फुटलेत का? खुबा दुसऱ्यांदा बदलायचाय? एवढासा कोपरा ठेवला की पुढच्या वर्षी त्याच्याभोवती परत हेच होणार, आणि परत माझ्या नावाने शंख करणार तुम्हीच! चला, बाजूला व्हा म्हणतो ना!"

माझं शेत. माझा ट्रॅक्टर. माझा घास, माझ्या हाताने पेरलेला. या घरात माझ्यावर आजवर कोणी असा आवाज चढवलेला नाही, माझ्या बापानेसुद्धा नाही.

मी बाजूला झालो.